चाळीस खांबांच्या महालातल्या बायका नक्की कोण?

रंगवाटी

परवा शाळेच्या ग्रुपवर एक फोटो आला. भिंतीवरचं जुनं चित्र, लांब वेण्या सोडून कमरेत वाकलेली नाचणारी बाई, आणि खाली मजकूर : "बघा, क्रांतीच्या आधी इराण असा होता!" सोबत हात जोडलेले तीन आणि रडका चेहरा एक. मी लिहिलं, अगं क्रांती १९७९ ची, हे चित्र सतराव्या शतकातलं, मधे सव्वातीनशे वर्षं आहेत. ग्रुप दहा मिनिटं गप्प. मग कुणीतरी दुपारी दोन वाजता सुप्रभात टाकलं. म्हणून इथे लिहितेय. इथे निदान भांडायला तरी माणसं येतात.

ती भिंत मी पाहिलेली आहे. काही वर्षांपूर्वी आई, मावशी आणि मी इराणला गेलो होतो. इस्फहानला तीन दिवस होतो, त्यातला जवळजवळ एक अख्खा दिवस चेहेल सोतूनमध्ये गेला. चेहेल म्हणजे चाळीस, सोतून म्हणजे खांब (संस्कृतातल्या 'स्थूणा'चा चुलतभाऊ). मोजले तर खांब वीसच भरतात. उरलेले वीस समोरच्या लांबलचक हौदातल्या पाण्यात दिसतात. दुसऱ्या शाह अब्बासचा हा महाल १६४७ साली पुरा झाला. राहायची जागा नव्हे ही. परदेशी वकील आणि पाहुणे यांना बसवायचं, जेवू घालायचं, गाणंबजावणं ऐकवायचं आणि आपण किती मोठे ते न बोलता कळवायचं, त्यासाठीची.

मधल्या मोठ्या दालनात वरच्या अंगाला सहा प्रचंड चित्रं आहेत. त्यातली दोन नंतरची : चाल्दिरानची लढाई आणि नादिरशहाची कर्नालची लढाई (हत्ती बघून मावशी खूश). चार जुनी, सफवी घराण्याच्या म्हणजे महाल बांधणाऱ्यांच्याच काळातली. एकात पहिला शाह इस्माईल उझबेकांशी लढतोय. बाकी तीन मेजवान्या. त्यातली आपल्या ओळखीची म्हणजे हुमायूनची. शेरशहाकडून मार खाऊन परागंदा झालेला हुमायून १५४४ मध्ये शाह ताहमास्पच्या आश्रयाला गेला, तो प्रसंग. रंगवलाय मात्र शंभर वर्षांनंतर.

दोन्ही राजे गालिच्यावर गुडघे मुडपून, फोटोला बसल्यासारखे. दोन्हीकडे सरदारांच्या रांगा, सगळ्यांचे फेटे सारखे, चेहरेही जवळजवळ सारखे. आणि पुढे, म्हणजे बघणाऱ्याच्या सगळ्यात जवळ, नाचणाऱ्या आणि वाजवणाऱ्या बायका. अख्ख्या चित्रात काही हलत असेल तर त्याच. आई त्यांच्याकडे बराच वेळ बघत उभी होती. तिच्या डोक्यावरचा रुमाल सारखा घसरत होता म्हणून तिने तो साडीच्या पिनेने गळ्याशी अडकवला होता. ती म्हणाली, "हिच्या डोक्यावर काही नाही आणि मला बघ." मग म्हणाली, "पण ही पाहुण्यांसाठी आहे. घरातल्या बायका कुठे आहेत?"

त्या प्रश्नाने माझं डोकं खाल्लं. हुमायूनबरोबर हमीदाबानू होती, अकबराची आई. ताहमास्पच्या बहिणीने तिचं कसं आगतस्वागत केलं, शिकारीला या बायका घोड्यावरून कशा जायच्या, हे हुमायूनची बहीण गुलबदन बेगम हिने लिहून ठेवलंय. चित्रात त्या दोघींपैकी कुणी नाही. ताहमास्पची मुलगी परीखान खानम बापामागे १५७६ नंतर काही काळ अख्खं राज्य हाकत होती, १५७८ मध्ये तिचा खून झाला. तीही कुठल्या भिंतीवर नाही. शाही जनाना बाहेर निघाला की रस्त्यावरून पुरुषांना हाकलून लावत, त्याला 'कुरूक' म्हणत. ज्यांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही त्यांचं चित्र काढणार कोण? मग भिंतीवर दिसतात त्या सगळ्या परक्या : नाचणाऱ्या, काव्यातल्या शिरीन आणि झुलेखा, आणि फिरंगी बायका. हे मला पटलेलं उत्तर. तुम्हाला काय वाटतं?

आणि एक. जवळच्या अली कापू महालात एका कोनाड्याशेजारी सुरई धरलेली बाई आहे. बाही शाबूत, बाहीवरची फुलं शाबूत, बोटं शाबूत. चेहऱ्याच्या जागी नुसता खरवडलेला पांढरा गिलावा. हे कुणी केलं असेल?


पाटावरवंटा

मस्त धागा. आईंचा प्रश्न एक नंबर.
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं नाही का? क्रांतीनंतर आलेल्यांनी.


बिनसाखर

मुळात चित्र काढायलाच बंदी ना त्यांच्यात? मग राजवाड्यात बायका नाचतात कशा? काहीतरी गडबड आहे.


जुनी_पोथी

@बिनसाखर, गडबड नाही. मशिदीत माणसांची चित्रं नसतात, तिथे वेलबुट्टी आणि अक्षरं. राजवाडा, हमाम, पोथी या जागा निराळ्या, तिथे माणसं पूर्वीपासून रंगवत आले. इराकातल्या सामर्‍याला अब्बासी खलिफांच्या महालात नवव्या शतकातल्या दोन नाचणाऱ्या बायका सापडल्या होत्या, एकमेकींच्या हातात हात अडकवून सुरईतून ओतताना. त्याहून मागे जायचं तर ताक-ए-बोस्तानला सासानी काळातलं कोरीवकाम आहे : राजा रानडुकरांची शिकार करतोय आणि बाजूच्या नावांमध्ये बायका चंग (उभं तंतुवाद्य) वाजवतायत. शिकारीला वाद्यवृंद! म्हणजे राजा, मद्य आणि वाजवणारी बाई हे त्रिकूट इस्लामच्याही आधीचं.

ताहमास्प तर स्वतः चित्रकला शिकला होता. पण गंमत बघा. त्याने तारुण्यातच दारूबिरूची जाहीर तौबा केली, आणि पुढे १५५६ च्या सुमारास सरदारांनाही करायला लावली. तरी भिंतीवर त्याच्यापुढे नाचगाणं चाललंय. त्यामुळे रंगवाटी, त्या चित्रात १५४४ शोधू नका. चित्र हुमायूनचं असलं तरी मैफल दुसऱ्या अब्बासची आहे. त्याच्या दालनात त्याच्या पाहुण्यांनी वर बघितलं की त्यांना आपलीच बैठक दिसायची.


दीड_मात्रा

मी कथ्थक शिकवते, त्यामुळे माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. रंगवाटीताई, तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. एक हात वर, दुसरा अंगाशी, धड मागे झुकलेलं, बोटांत चिपळ्यांसारखं काहीतरी. वेण्या बघा. त्या पाठीवर लोंबत नाहीत, एका बाजूला गेल्यात. म्हणजे गिरकी संपली आहे आणि केस अजून संपलेले नाहीत. विद्यार्थिनी थांबल्यावर त्यांची ओढणी अशीच अर्धा क्षण पुढे जाते. चित्रकाराने हे बघून काढलंय, ऐकून नाही. त्यामुळे "नावं माहीत नाहीत" हे खरं असलं तरी कुणीतरी खरी बाई त्याच्यापुढे नाचली होती असं मला तरी वाटतं.

बाकी घरातली आणि नाचणारी ही वाटणी काय फक्त इराणची नाही. आपल्याकडे गाणारीला घरात घेत नव्हते आणि तिच्याशिवाय घरातलं कार्यही होत नव्हतं.


जुनी_पोथी

+१. शार्दँ नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या १६६० आणि ७० च्या दशकांत इस्फहानला होता. त्यानेही हेच लिहिलंय की नाच हे पेशेवर बायकांचं काम, अब्रूदार माणूस स्वतः नाचत नाही.


मस्कतकर

मी दोनदा गेलोय, एकदा एकटा, एकदा कुटुंबासह. एक बाळबोध प्रश्न. मोठ्या चित्रांच्या खाली आणि बाजूच्या खोल्यांत छोटी चित्रं आहेत ना, झाडाखाली बसलेली जोडपी, एक जण पेला देतोय वगैरे, त्यात बाई कोण आणि बुवा कोण हे मला कळेचना. बायको म्हणाली दोघी बायका. गाइड म्हणाला एक राजपुत्र.


रंगवाटी

@मस्कतकर, बाळबोध अजिबात नाही, अभ्यासकही इथेच अडखळतात. ती चित्रं रझा अब्बासीच्या (मृत्यू १६३५) वळणाची आहेत. त्याने सुंदर माणसाचा एक साचाच पाडला : चंद्रासारखा गोल चेहरा, धनुष्याच्या भुवया, कळीएवढं तोंड, गालावर तीळ, सुरूच्या झाडासारखा बांधा. आपल्या लावणीतली नार याच मापात बसेल. फरक एवढाच की फारसी काव्यात हे माप मिसरूड न फुटलेल्या पोरालाही लागू होतं. इतिहासकार अफसानेह नज्माबादी यांचं म्हणणं असं की एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इराणात सौंदर्याला बाई-पुरुष असं लिंगच नव्हतं. युरोपची नजर आल्यावर ते लागलं.

ओळखायचं तर चेहरा सोडा, कपड्यांकडे बघा. पुरुषाच्या डोक्यावर फेटा, बहुतेकदा तुरा. बाईच्या डोक्यावर छोटा रुमाल किंवा पट्टी, आणि हनुवटीखालून गेलेला मोत्यांचा सर. तो सर दिसला की बाई समजा. तुमच्या सौभाग्यवतींना विचारा, सर होता का.


मस्कतकर

विचारलं. म्हणाली, "एकीला होता. म्हणजे गाइड बरोबर. त्याला सांगू नका."


पाटावरवंटा

व्हॉट्सॅपवर ती मिशीवाली राजकन्याही फिरते ना? जिच्यासाठी तेरा जणांनी जीव दिला?


रंगवाटी

ती निव्वळ लोणकढी. फोटो नासिरुद्दीन शाहची मुलगी इस्मत-उद-दौला हिचा आहे, काजार घराण्यातली, १८५५ चा जन्म. लहानपणीच लग्न झालं तिचं. नकार द्यायला तेरा मागण्या यायला वेळ तरी कुठे होता? मिशी मात्र खरी. त्या काळात बाईच्या ओठावरची हलकी लव देखणी समजत, चित्रांतही दाखवत.

काजार निघालेच आहेत तर थोडं लिहिते. फतहअली शाहच्या वेळी (१७९७ ते १८३४) भिंतीवरच्या बायका एकदम माणसाएवढ्या झाल्या. गिलाव्यावर रंगवण्याऐवजी कापडावर तैलरंगात काढून भिंतीतल्या कमानदार कोनाड्यात बसवायच्या. म्हणूनच लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये वगैरे ही चित्रं बघितली तर त्यांचा वरचा भाग कमानीसारखा दिसतो. महाल पडले, चित्रं विकली गेली, कमान तेवढी राहिली. त्यात एक डोंबारीण आहे, दोन्ही हातांवर उलटी उभी, हाताखाली सुरी. उलटी असूनही चेहरा आपल्याकडे वळलेला, आणि त्यावर हूं की चूं नाही. मेंदी लावलेली बोटं, मोत्यांनी लडबडलेले कपडे. त्याच शाहने तेहरानच्या निगारिस्तान महालात १८१२-१३ मध्ये अब्दुल्ला खानकडून स्वतःचा दरबार भिंतीभर रंगवून घेतला : माणसाएवढ्या ११८ आकृत्या. मुलगे, सरदार, परदेशी वकील, सगळे त्यात आहेत. त्याच्या जनानखान्यात शेकड्यांनी बायका. त्यातली एकही नाही. म्हणजे दीडशे वर्षांनीही आईचं म्हणणं खरंच.


बिनसाखर

फिरंगी बायका कुठल्या म्हणालात? त्या तरी खऱ्या होत्या का?


खारेवारे

याचं मी सांगतो, कारण यात आमचं गोवा आहे. :)

पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमचा प्रवासी १६१७ मध्ये इस्फहानला पोचला. त्याने अली कापूतली चित्रं बघून लिहिलंय की लहान लहान चौकटींत बाया-पुरुष लाडीगोडीत, हातात सुरया आणि पेले, आणि त्यात हॅट घातलेले फिरंगीही रंगवलेत. त्याचा तर्क असा की पिणारे काय आम्हीच नाही, हे दाखवायला तसं केलं असावं. हाच माणूस पुढे १६२३ मध्ये सुरतेहून गोव्यात आला आणि इथल्या मिरवणुकांपासून इक्केरीच्या राज्यापर्यंत सगळं टिपून गेला.

अवांतर : त्याची बायको मआनी बगदादकडची. १६२१ च्या अखेरीस होर्मुझजवळ वारली. हा गृहस्थ तिचा मसाला भरलेला देह पेटीत घालून बरोबर नेत राहिला, गोवा करून पार रोमपर्यंत. खरी बाई पेटीत आणि रंगवलेल्या बायकांचं वर्णन वहीत. असो.

चेहेल सोतूनच्या बाहेरच्या बाजूच्या देवड्यांत पूर्ण उंचीच्या युरोपी पोशाखातल्या आकृत्या आहेत, बायकाही. इस्फहानात तेव्हा डच होते, इंग्रज होते, पाद्री होते. पण त्यांच्या बायका फारशा नव्हत्या. मग नमुना कुठून आला? बहुधा छापील चित्रांवरून. शिवाय नदीपल्याड नवं जुल्फा, पहिल्या अब्बासने १६०४-०५ मध्ये उठवून आणलेल्या आर्मेनियन व्यापाऱ्यांची वस्ती. त्यांच्या हवेल्यांतही, उदाहरणार्थ सुकियास यांच्या घरात, फिरंगी वेशातल्या बायका भिंतींवर आहेत. श्रीमंती दाखवायची तर फॉरेनची बाई भिंतीवर. आपल्याकडे जुन्या वाड्यांत विलायती मडमांच्या तसबिरी असायच्या तसंच.


दीड_मात्रा

आमच्या आजोळी होती एक. गुलाब हुंगणारी. तिला सगळे "मडम" म्हणायचे आणि गौरी आल्या की तिच्यावर टॉवेल टाकायचे.


चुनखडी

उशीर झाला यायला. मी जुन्या इमारतींच्या डागडुजीचं काम करतो, देवळं आणि वाडे, त्यामुळे शेवटच्या प्रश्नावर बोलतो.

आधी एक : याला फ्रेस्को म्हणू नका (अजून कुणी म्हटलं नाही, पण म्हणेलच कुणीतरी). फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्यात रंग. इराणात आतला थर माती आणि पेंढ्याचा, त्याला ते काहगिल म्हणतात. त्यावर जिप्समचा पांढरा गुळगुळीत हात, तो सुकल्यावर डिंक-सरसात कालवलेले रंग आणि सोन्याचा वर्ख. आपल्या अजिंठ्यालाही जात तीच : मातीत भाताचं तूस आणि काड्या, वर पातळ पांढरा थर, मग सुक्यावर रंग. रंग पोटात शिरलेला नसतो, अंगावर असतो. त्यामुळे तो नखानेही निघतो. पाणी मुरलं तरी निघतो, फोडायला यावं लागत नाही.

आता चेहरा. जुन्या भिंतीवर नवा गिलावा करायचा तर गवंडी आधी काय करतो? टाचे मारतो. गुळगुळीत भिंतीवर नवा माल धरत नाही, म्हणून छिन्नीने वा हातोडीच्या टोकाने सगळीकडे खड्डे पाडायचे. काजार काळात इस्फहानच्या सफवी महालांची वाताहत झाली. कित्येक पाडले, आणि चेहेल सोतूनमधली बरीच चित्रं चुन्या-गिलाव्याखाली गेली. गिलाव्याखाली गेली म्हणूनच ती वाचली, हेही तेवढंच खरं. विसाव्या शतकात ती उघडी केली. १९६४ पासून इटलीच्या मंडळींनी इराणी कारागिरांबरोबर अली कापू, चेहेल सोतून आणि हश्त बेहेश्तवर वर्षानुवर्षं काम केलं. त्याला १९८० चा आगाखान पुरस्कार मिळाला.

सांगायचं हे की चेहऱ्यावर खड्डा दिसला की लगेच राग दिसतो आपल्याला. असेलही राग. पण गवंड्याचा टाचा आणि रागाचा ओरखडा वेगळे दिसतात. टाचे साधारण सारख्या अंतरावर, चेहरा, गालिचा, झाड, सगळ्यांवर सारखे. त्याला चित्र दिसतच नसतं, भिंत दिसते. राग असेल तर तो डोळ्यांवर जातो, फार तर तोंडावर. आणि तिसरा प्रकार म्हणजे "अमुक लव्ह तमुक", तो जगात सगळीकडे सारखाच. @पाटावरवंटा, १९७९ वर शिक्का मारायच्या आधी हे तीन वेगळे करावे लागतील.

रंगवाटी, तुमच्याकडे तिरप्या उजेडातला फोटो आहे का? समोरून फ्लॅश मारलेला उपयोगाचा नाही.


पाटावरवंटा

शिक्का मागे घेतला. टाचे हा शब्द आजोबांनंतर आज वाचला.


भुईकोट

चेहरा पुसण्यावरून आमच्या नगरची गोष्ट सांगायलाच हवी. भिंतीवरची नाही, पोथीतली आहे, पण माल फारसीच.

हुसेन निजामशहाच्या स्तुतीचं एक फारसी काव्य आहे, 'तारीफ-ए-हुसेनशाही', आफताबी नावाच्या कवीचं, तालिकोटच्या लढाईच्या (१५६५) सुमाराचं. त्याची सचित्र पोथी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यात राजाशेजारी, सिंहासनावर, चक्क राणी बसलेली काढली होती : खुंझा हुमायून, म्हणजे चांदबिबीची आई. वर सगळ्या धाग्यात जे म्हटलंय की घरातली बाई चित्रात नाही, त्याला हा अपवाद. आणि अपवादाचं काय झालं? नवरा गेल्यावर तिने मुलाच्या नावाने कारभार केला. १५६९ मध्ये त्याच मुलाने, मुर्तजाने, तिला कैद केलं. त्यानंतर कधीतरी पोथीतल्या बहुतेक चित्रांत राणीच्या आकृतीवर रंग फासला गेला. राजा तसाच बसलाय आणि बाजूला माणसाच्या आकाराचा डाग.

इथे गवंडी नव्हता, चुनखडीभाऊ. पोथीवर गिलावा करत नाहीत.


चुनखडी

मान्य. हा राग. किंवा भीती, ज्याने फासला त्याची.


जुनी_पोथी

भुईकोट, फार छान आठवण. आता उलट दिशेचं सांगतो. चेहेल सोतूनच्या बाजूच्या एका दालनात एक भारतीय बाई आहे. बहुतेक जण तिच्यापुढून निघून जातात.

ती सती जातेय. चित्र आहे 'सोझ-ओ-गोदाज' या फारसी काव्यातलं. कवी नौई, मूळचा खुरासानातल्या खबूशानचा, नशीब काढायला हिंदुस्थानात आलेला, अकबराचा मुलगा दानियाल याच्या पदरी. गोष्ट अशी की लग्नाच्या दिवशीच नवऱ्या मुलावर छप्पर कोसळून तो मरतो. नवरी सती जायला निघते. खुद्द अकबर तिची समजूत घालतो, नाना आमिषं दाखवतो, ती ऐकत नाही. मग दानियाल तिला चितेपर्यंत सोबत करतो. हा दानियाल पुढे दख्खनच्या सुभ्यावर होता, बुऱ्हाणपुरात दारूपायी मेला. त्याच्यामागे नौई खानखानान अब्दुर्रहीमकडे राहिला आणि १६१० च्या सुमारास तोही बुऱ्हाणपुरातच वारला. म्हणजे आपल्या तापीच्या काठावर ज्याची हाडं पडली त्या कवीची नायिका इस्फहानच्या भिंतीवर.

तिथे तिला का रंगवलं, याचा एक अर्थ असा लावतात की दुसऱ्या अब्बासने १६४९ मध्ये मोगलांकडून कंदाहार परत घेतलं, तेव्हा दालनात हिंदुस्थानची आठवण करून देणारं काही हवं होतं. मोठ्या दालनात आश्रयाला आलेला हुमायून, आतल्या खोलीत जळणारी हिंदू नवरी. मोगलांच्या वकिलाला बसवायला याहून चांगली जागा नाही! दुसरा अर्थ सुफी : ज्योतीवर झेप घेणारा पतंग, प्रेमात जळून जाणं वगैरे. काव्याच्या नावाचाच अर्थ जळणं आणि वितळणं.


बिनसाखर

म्हणजे त्यांच्या नाचणाऱ्या, आणि आपली गेली ती जळायला. आणि दोन्ही बघत पाहुणे जेवले.


दीड_मात्रा

बिनसाखर, तुम्ही या धाग्यावर पहिल्यांदाच असं काही लिहिलंत की पुढे काय लिहावं कळत नाही.


रंगवाटी

मला ती खोली आठवतेय का, याचा कालपासून विचार करतेय. ज्वाळा आठवतात. मला वाटलं होतं शाहनाम्यातल्या सियावुशची अग्निपरीक्षा असेल. आम्ही चहा प्यायला बाहेर निघून गेलो होतो. भारतातून जाऊन आम्ही तिच्यापुढूनच चालत गेलो.


चुनखडी

तशी उलट बाजू आपल्याकडेही आहे. अजिंठ्याला पहिल्या लेण्यात छताकडे बघा. टोकदार टोपी, दाढी, पायात पट्ट्यापट्ट्यांचे मोजे घातलेला परदेशी पुरुष उशांना टेकून बसलाय, हातात पेला, शेजारी बाई, बाजूला सुरई घेतलेले नोकर. इराणी आहेत असं सगळेच म्हणतात. १८७९ मध्ये फर्ग्युसनने तर ठरवूनच टाकलं की हा इराणचा सासानी राजा खुस्रौ परवेझ आणि ही त्याची राणी शिरीन, आणि भिंतीवरचा दरबार म्हणजे पुलकेशीकडे आलेला इराणी वकील. कित्येक वर्षं तेच छापलं गेलं. पण खुस्रौ सातव्या शतकातला, आणि वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्यभर खपून लावलेल्या कालक्रमाप्रमाणे हे लेणं वाकाटक हरिषेणाच्या वेळचं, पाचव्या शतकातलं. म्हणजे शिरीन जन्मायच्या शंभरेक वर्षं आधी तिचं चित्र तयार!

मग ती बाई कोण? आपल्या चित्रकारांनी पाहिलेली किंवा ऐकलेली कुणीतरी परदेशी बाई. तिकडच्या भिंतीवर फिरंगी बाईचं जे काम तेच इथे हिचं. आणि अजिंठ्यातला तो गडद निळा, लाजवर्दी, तोही अफगाणिस्तानातल्या बदख्शानकडून आला असं मानतात. तीच खाण इस्फहानच्या निळ्यालाही.


मस्कतकर

अजिंठ्याला तीन वेळा गेलोय. छताकडे कधी बघितलं नाही. तिथला रखवालदार पद्मपाणी दाखवतो आणि टॉर्च बंद करतो.


चुनखडी

त्याला सांगायचं, "मोजेवाला दाखवा." कळतं त्यांना.


रंगवाटी

चुनखडी, तुम्ही मागितलेला तिरप्या उजेडाचा फोटो सापडला. मी काढलेलाच नव्हता, मावशीने काढला होता, खिडकीकडून, चुकून, अर्ध्यात तिचा अंगठा आहे. मोठा करून पट्टी लावून बसले.

खड्डे आहेत. बाहीवर आहेत, मागच्या झाडावर आहेत, सुरईच्या मानेवरही एक आहे, अंतर जवळजवळ सारखं. म्हणजे गवंडी. इथवर तुम्ही जिंकलात. पण चेहऱ्यावर ते खड्डे आहेतच, आणि त्यांच्यावरून डोळ्यांच्या जागी आडव्या बारीक रेघा गेल्यात, चार डावीकडे, सहा उजवीकडे. रेघा खड्ड्यांच्या काठावरून आत उतरल्यात. म्हणजे टाचे आधी, रेघा नंतर. बरोबर ना? गिलावा काढून तिला उघडी केल्यावर कुणीतरी आलं.

फोटो आईला दाखवला. तिने चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, रेघा केवढ्या उंचीवर आहेत. मी म्हटलं माझ्या कमरेच्या जरा वर, कोनाडा खाली होता. "मग पोरं असतील," म्हणाली. "शाळेची सहल."


चुनखडी

खड्ड्यात उतरलेल्या रेघा म्हणजे नंतरच्याच, शंका नाही. आईंना नमस्कार सांगा. उंची मोजायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.


पाटावरवंटा

मावशींचा अंगठा क्रॉप न करता फोटो टाका. सगळ्यांनाच बघायचाय.